सायखेड्याला गेलेल्या दोन बाटल्या

माझ्या दुकानात आजारी माणूस फारसा येत नसे. यायची ती त्याची बाटली. बाटली घेऊन येणारा चांगला धडधाकट असायचा आणि काउंटरवर ती ठेवून म्हणायचा, "औषध द्या."

"कुणाला? काय होतंय?"

"घरी बरं नाही."

"घरी म्हणजे कुणाला?"

"घरी हो!"

असं जरा जोर देऊन म्हटलं की समजायचं, बायको आजारी आहे. आई, बहीण, काकू यांची नावं-नाती सगळे सांगत. बायको तेवढी 'घरी' असायची. दुखतं कुठे, तर "अंगात". किती दिवस झाले, तर "झाले की." एवढ्या माहितीवर मला औषध बनवायचं असे, आणि गंमत म्हणजे मी ते बनवत असे. न पाहिलेल्या माणसांना औषध देण्यात माझी तीस-पस्तीस वर्षं गेली. त्यातले पुष्कळ बरे झाले. कशाने झाले, असं विचाराल तर मी आजही डोकं खाजवीन.

मी डॉक्टर नव्हे, हे आधीच सांगून टाकतो. पुण्याला एका डॉक्टरांच्या हाताखाली सहा वर्षं कंपाउंडर होतो. तिथे खलबत्ता, तराजू आणि शिव्या या तिन्हींची चांगली सवय झाल्यावर नाशकात मेनरोडला वळणावर स्वतःचं दुकान टाकलं. पाटीवर 'केमिस्ट' लिहिलं होतं, ते कुणी वाचलं नाही. शहरातले लोक मला कंपाउंडर म्हणत, खेड्यातले डाक्तर म्हणत आणि खरे डॉक्टर 'तो बाटल्या भरणारा' म्हणत. मी तिन्ही हाकांना ओ देत असे. डॉक्टरकडे जायचं म्हणजे आपण खरोखर आजारी आहोत असं कबूल करण्यासारखं होतं. माझ्याकडे यायला मात्र बाजारातून जाता जाता पायरीवर थांबलं की झालं. खोकला, हगवण, पोटातला गोळा, खरूज, डोळे येणं आणि पावसाळा सरला की थंडीताप, एवढ्यांवर माझं राज्य चालत असे.

आजच्यासारखी वेष्टनातली गोळी तेव्हा क्वचितच असे. औषध समोर करून द्यायचं. बरणीतली पूड तराजूत तोलायची, खलात घोटायची, पाण्यात विरघळवायची आणि गिऱ्हाइकाने आणलेली बाटली तीनदा धुऊन तिच्यात भरायची. बाटल्या कसल्या कसल्या येत! अत्तराच्या, तेलाच्या, एकदा तर रॉकेलची. बाटली भरली की मी एक पांढऱ्या कागदाची अरुंद पट्टी घेई, तिची घडी घालून कात्रीने कडेला खाचा पाडी आणि ती खळीने बाटलीला उभी चिकटवी. एका खाचेपासून दुसरीपर्यंत एका वेळचं औषध. वाचता न येणाऱ्या माणसाला याहून सोपं काय सांगणार? मला त्या पट्टीचा भारी अभिमान होता. माझ्या खाचा इतक्या सारख्या पडत की पुण्याचे डॉक्टरही त्याबद्दल कधी शिवी देत नसत.

पण माणसाचं शरीर माझ्या खाचांप्रमाणे चालत नसे. भद्रकालीतल्या एक आजीबाई पोटदुखीसाठी ओव्याच्या अर्काचं मिश्रण नेत. एकदा लाल रंग संपला म्हणून मी तेच औषध पांढरं दिलं. दुसऱ्या दिवशी बाटली परत. "ह्यानं काही होत नाही रे. तू मला पाणी दिलंस." मी शपथेवर सांगितलं की औषध तेच आहे. त्या ऐकेनात. संध्याकाळी रंग आणून त्याच बाटलीत, त्याच औषधात दोन थेंब टाकले आणि दिली परत. पोट दुखायचं थांबलं! आता सांगा, औषध कोणतं? ओवा की रंग? मी चक्रावून गेलो, पण रंग मात्र पुन्हा कधी संपू दिला नाही.

कचेरीतून निवृत्त झालेले एक गृहस्थ होते. ते डोकेदुखीची पूड घेताना घड्याळ काढून धरत आणि पोटात गेल्यापासून किती मिनिटांनी डोकं उतरलं ते मला येऊन सांगत. एके दिवशी म्हणाले, "आज सात मिनिटं आधीच उतरलं. पुडी घेण्यापूर्वीच." अशा गोंधळात राहायची मला सवय झाली होती, आणि खरं सांगायचं तर त्यातून थोडा उर्मटपणाही आला होता. आपण देतो, लोक बरे होतात, मग कशाला फार विचारायचं? हा उर्मटपणा उतरला तो सायखेड्याच्या रहीमचाचांमुळे.

साल नक्की आठवत नाही. एकोणीसशे तीस आणि पस्तीसच्या मधलं कुठलं तरी. रहीमचाचा पिंजारी. थंडी सुरू होण्याआधी लोक जुन्या गाद्या-रजया उसवून कापूस पुन्हा पिंजून घेत, तेव्हा ते खांद्यावर धनुकली घेऊन नाशकात येत. धनुकली म्हणजे माणसाएवढं लाकडी धनुष्य. त्याची तात कापसात धरून ठोकली की ती झणझणते आणि कापूस सुटा होऊन वर येतो. बुधवारच्या बाजाराच्या दिवशी त्यांची फेरी ठरलेली असे. दाढीत, भुवयांत कापूस, त्यामुळे पन्नाशीतच ते सत्तरीचे दिसत. माझ्या आईच्या गाद्या तेच पिंजत, म्हणून ओळख.

आश्विनातल्या एका बुधवारी ते दोन बाटल्या घेऊन आले. "अण्णा, धाकटी सून तापलीय. जैतून. नांदगावकडली पोर. एक दिवसाआड हुडहुडी भरती, चार गोधड्या टाकल्या तरी दात वाजत्यात."

'एक दिवसाआड' म्हटल्यावर मला आणखी काही विचारायची गरज वाटली नाही. हा हिवताप आणि त्याला क्विनीन. मी आठ दिवसांचं औषध दोन बाटल्यांत भरलं. एकेका बाटलीला बारा खाचा, दिवसातून तीन वेळा. पट्टीवर बोट ठेवून समजावलं, "चाचा, एका वेळी एवढं. खाच ओलांडायची नाही."

"समजलं. येका वक्ताला येक खाच."

पुढच्या बुधवारी ते आले. ताप तसाच. बाटल्या मात्र रिकाम्या. मी तेच औषध पुन्हा दिलं. त्याच्या पुढच्या बुधवारीही ताप तसाच. उलट पोरगी पिवळी पडली होती, भिंत धरून चालत होती. क्विनीनने हिवताप हटत नाही असं मी पाहिलं नव्हतं. मी डोकं खाजवलं, बरणीवरची चिठ्ठी वाचली, पूड जिभेवर लावून पाहिली. कडूजहर होती. तेव्हा मी ठरवलं की ताप चिवट आहे आणि क्विनीनचं माप दुप्पट केलं. तेवढ्यात चाचा म्हणाले, "आन माझ्या घशालाबी काय तरी द्या. लय कोरड पडती." तेही दिलं.

त्यानंतर जे सुरू झालं त्याचा मला काही पत्ताच लागेना. पुढच्या बुधवारी चाचा पायरीवर बसले आणि कानात बोट घालून हलवू लागले.

"अण्णा, धनुकली खाली ठेवली तरी कानात वाजतीच. चार दिस वाजती, मग तीन दिस जरा बरं."

मी हसलो. जन्मभर तात झणझणवणाऱ्या माणसाच्या कानात दुसरं काय वाजणार? चार दिवस काम असेल, तीन दिवस विश्रांती असेल, असा मी आपला हिशेब लावला आणि कानात घालायला कोमट करायचे थेंब दिले. मग त्यांनी बायकोचं सांगितलं. खातूनचाचींना गरगरत होतं, चुलीपुढून उठवत नव्हतं. तिला लोहाचं औषध. थोरल्या मुलाला मळमळ. त्याला सोडा. थोरल्या सुनेचं डोकं ठणकत होतं. तिला पुड्या. आणि जैतून? "तिचा ताप हायच." तिला दुप्पट मापाच्या त्याच दोन बाटल्या पुन्हा.

म्हणजे आजारी होती एक आणि औषधं चालली होती पाच जणांची. सायखेड्यात काही साथ आली आहे का, असं मी बाजारातल्या दोघांतिघांना विचारलंसुद्धा. कुठेच काही नव्हतं. ज्या घरात माझं औषध जात होतं तेवढंच घर एकेक करून आजारी पडत होतं. हे वाक्य आता लिहिताना जेवढं स्पष्ट दिसतं, तेवढं तेव्हा दिसलं असतं तर!

त्याच्या पुढच्या बुधवारी रहीमचाचा आले नाहीत. सायखेड्याचा एक मळेकरी भाजी घेऊन आला होता, तो जाता जाता म्हणाला, "पिंजाऱ्याचं समदं घर आडवं झालंय. पोरगी तर आज-उद्याची दिसती. लोक म्हणत्यात, नाशकाच्या डाक्तरानं काय तरी पाजलं."

मी आतून दार लावलं आणि एकेक बरणी काढून पाहिली. विषारी पदार्थांचं कपाट वेगळं होतं, त्याची किल्ली माझ्याच जानव्याला होती. तराजू तपासला. वजनं तपासली. सगळं बरोबर होतं, आणि त्यामुळे मी जास्तच घाबरलो. चूक सापडली असती तर निदान काय झालं ते कळलं असतं. एक पोरगी माझ्या हाताने मरते आहे आणि कशाने मरते आहे ते मला ठाऊक नाही, हे डोक्यातून जाईना.

गुरुवारी दुकान बंद ठेवलं, पिशवीत चार बरण्या आणि तराजू घातला, नाशिकरोडहून गाडी धरली, खेरवाडीला उतरलो आणि मिळेल त्या बैलगाडीने दुपारपर्यंत सायखेड्याला पोचलो.

पिंजाऱ्याचं घर गावाच्या कडेला होतं. अंगणात धनुकली आडवी पडली होती. ओट्यावर थोरला मुलगा डोकं धरून बसलेला, त्याची बायको कपाळाला फडकं बांधून भाकरी थापत होती. रहीमचाचा मला पाहून उठायला गेले आणि तोल जाऊन परत बसले. आत कोनाड्यात माझ्या सगळ्या बाटल्या ओळीने मांडून ठेवलेल्या, देव्हाऱ्यात मांडाव्यात तशा स्वच्छ पुसून. कानाच्या थेंबांची बाटली जवळजवळ संपली होती. मी विचारलं, "एवढे थेंब आठ दिवसांत कसे संपले?"

"सगळ्यांनी घातले ना," खातूनचाची म्हणाल्या.

"सगळ्यांनी का?"

"तुमी दिले म्हणून."

मला काही समजेना. मी त्यातली क्विनीनची एक अर्धी उरलेली बाटली उचलली. "ही जैतूनला कशी देता? मला नीट दाखवा."

चाचींनी वाटी आणली. एक खाच वाटीत ओतली आणि नवऱ्यापुढे धरली. मी म्हणालो, "त्यांना नाही, तिला." चाची म्हणाल्या, "आधी हे. मग मी. मग थोरला, थोरली, धाकटा. शेवटी जैतून. राती जेवण झालं की समदे एका जागी बसतो, तवा. येका वक्ताला येक खाच, तुमी सांगितलं तसं. कुणी खाच ओलांडली नाय. ह्या खेपेला समदी गरगरली, म्हणून मधल्या काही राती ऱ्हायल्या तेवढ्या."

सहा माणसं, सहा खाचा. बारा खाचांची बाटली दोन रात्रीत खलास, दोन बाटल्या चार रात्रीत. पुढचे तीन दिवस, बुधवारपर्यंत, कोणालाच काही नाही. कानात वाजणं, गरगरणं, मळमळ, हे सगळं क्विनीनचं होतं, माझ्या दुप्पट केलेल्या क्विनीनचं. मी आधी धडधाकट माणसांना आजारी पाडत होतो आणि मग त्या आजारावर त्यांना औषधं पुरवत होतो. माझ्या पट्टीवर किती घ्यायचं ते होतं, कुणी घ्यायचं ते नव्हतं.

माझा जीव भांड्यात पडला आणि लगेच संतापही आला. मी चाचांवर ओरडलो, "अहो, औषध म्हणजे काय पुलाव आहे का, एका ताटात बसून खायला? जिला ताप तिने घ्यायचं!"

उत्तर दाराआडून आलं. जैतून पदर पुढे ओढून उंबऱ्याच्या आत बसली होती. बारीक आवाजात म्हणाली, "माझ्या भैनीनं येकटीनंच पिलं होतं."

मग ते सगळं बाहेर आलं. जैतूनच्या थोरल्या बहिणीला तिच्या सासरी ताप आला, कुणीतरी बाटली आणली, तिने ती घेतली आणि दोन दिवसांत ती गेली. तापाने गेली की बाटलीने, कुणी सांगू शकलं नाही. माहेरी मात्र सगळे म्हणाले, पोरीला विष पाजलं. तेव्हापासून जैतून बाटलीतल्या वस्तूला शिवत नव्हती. माझी पहिली बाटली आली तेव्हा तिने ओठ घट्ट मिटून घेतले.

रहीमचाचा म्हणाले, "मग मी म्हणलं, पोरी, आधी मी पितो. मला काय झालं नाय तर तू पी. मग ही म्हणली, मी पण पिते. मग पोरं म्हणली, आमी काय मागं ऱ्हायचं? ती रोज बघती अण्णा, समद्यांनी गिळलं का. मग तिची वाटी उचलती." आणि वर म्हणाले, "लय कडू करता बगा तुमी."

गरगरत असताना, कान वाजत असताना ही चार-पाच माणसं रोज ते विष गिळत होती, एका सुनेला भीती वाटू नये म्हणून. आणि मी त्यांना पुलावाचं बोललो होतो. मला लाज वाटली. आजही वाटते.

पण खरा धक्का अजून बाकी होता. मी हिशेब करून म्हणालो, "ठीक आहे. आता नीट ऐका. हेच औषध तिला एकटीला, दिवसातून तीनदा द्यायचं. आठ दिवसांत ताप पळेल." चाचींनी चाचांकडे पाहिलं, चाचा उठून अंगणात गेले आणि मग चाची माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाल्या, "सहावा लागलाय तिला. चालंल ना?"

मी बाटली खाली ठेवली. सहा महिन्यांची गरोदर बाई! अशा बाईला क्विनीन देताना मोठे डॉक्टरही हात आखडता घेत. पोट पडायची भीती असे. आणि मी आंधळेपणाने दुप्पट करून, दिवसातून तीनदा सांगितलं होतं. सासऱ्याने आपल्या तोंडाने हे सांगायची रीत नव्हती आणि मी विचारलं नव्हतं. 'एक दिवसाआड' ऐकल्यावर मला पुढचं ऐकायचंच नव्हतं. त्यांनी माझं शब्दशः ऐकलं असतं तर? त्या घराने बाटली वाटून घेतली म्हणून पोरीचा ताप हटला नाही, आणि बाटली वाटून घेतली म्हणूनच कदाचित तिचं मूल पोटात राहिलं. चूक त्यांची की माझी? आणि चुकीने बिघडलं की सावरलं? मला धड रडू येईना की हसू.

ती बाटली मी मोरीत ओतली. तिथेच अगदी हलक्या मापाचं औषध केलं. प्रश्न उरला तो पाजण्याचा. पाच जणांना आणखी क्विनीन द्यायची माझी छाती नव्हती आणि जैतून एकटी घेणार नव्हती. दोन बाटल्या कराव्या, घरच्यांच्या बाटलीत नुसता काडेचिराइताचा काढा घालावा, तोही कडूच, असं एकदा मनात आलं. मग दाराआडची ती पोर आठवली. वेगळ्या बाटलीची तर तिला भीती होती, आणि तीच मी चोरून खरी करणार होतो.

शेवटी मी एक खाच वाटीत ओतली आणि तिच्यासमोर स्वतः प्यायलो. हजारो बाटल्या भरल्या होत्या, पण पुरी एक खाच घशाखाली उतरवायची वेळ त्या दिवशी पहिल्यांदा आली. माझं तोंड असं झालं की पदराआडून हसू ऐकू आलं. मग तिने वाटीसाठी हात पुढे केला.

पुढची व्यवस्था चाचींनी लावली. रोज एकाने तिच्यासोबत घ्यायचं, पाळीपाळीने. चाचांनी पहिली पाळी मागितली. मी म्हणालो, "तुमचे कान वाजतायत, तुम्ही राहू द्या." त्यांनी ते ऐकलं नाही. ऐकू आलं नाही की ऐकायचं नव्हतं, ते मला ठाऊक नाही. दुसऱ्या दिवशी नाशकातल्या एका डॉक्टरीणबाईंना सगळं सांगितलं. त्यांनी माझी चांगली हजेरी घेतली, माप तपासलं आणि ते बरोबर ठरवलं. तेव्हापासून 'घरी बरं नाही' म्हणणाऱ्या प्रत्येकाला मी लाज सोडून नको तेवढं विचारू लागलो. काही गिऱ्हाइकं रागावून तुटली. तुटू दे म्हटलं.

जैतूनचा ताप हळूहळू उतरला. फाल्गुनात ती बाळंत झाली, मुलगी झाली. बाकीच्यांची भोवळ-मळमळ तर आठवड्यातच गेली होती. रहीमचाचांचे कान मात्र पुरते सुधारले नाहीत. वयाने, धनुकलीने की माझ्या बाटलीने, कोण सांगणार?

एका बुधवारी ते बत्तासे घेऊन दुकानात आले. बाजाराचा दिवस, पायरीवर पाच-सहा गिऱ्हाइकं. चाचांनी माझ्या हातात बत्तासे कोंबले आणि ऐकू कमी येणारी माणसं बोलतात तशा मोठ्या आवाजात सगळ्यांना सांगू लागले, "ह्या माणसानं माझी सून वाचवली. नात वाचवली. अण्णांच्या औषधानं."

लोक माझ्याकडे कौतुकाने पाहू लागले. मला ते सोसवेना. मी काउंटरवरून वाकलो, त्यांच्या कानाशी तोंड नेलं आणि म्हणालो, "चाचा, मी सांगितलं तसं तुम्ही केलं असतं, तर ही नात जन्मली नसती."

चाचांनी कानामागे हात धरला आणि हसत विचारलं, "काय म्हणता, अण्णा?"

पायरीवरची माणसं थांबून पाहत होती. मी त्यांच्याकडे पाहिलं, चाचांकडे पाहिलं.

"काही नाही," मी मोठ्याने म्हणालो, "पोरीला जपा म्हटलं."